मोगऱ्याचा ताण

कुंडीतला मोगरा सहजासहजी मरत नाही. तो हिरवागार राहतो, लांबच लांब फांद्या सोडतो, गॅलरीच्या गजांमधून बाहेर डोकावतो आणि ऐन चैत्रात एकही कळी न दाखवता घरच्यांना कोड्यात टाकतो. अशा झाडाचा पूर्वेतिहास तपासला, तर वर्षभर न चुकता घातलेले पाणी, हाताला येईल तेव्हा दिलेले खत आणि हिरव्या फांदीला कात्री लावण्यास न धजावलेला हात, या तीन गोष्टी बहुतेक वेळा एकत्र सापडतात. झाडावर माया कमी पडलेली नसते; ती अवेळी केलेली असते.

मोगरा, म्हणजे वनस्पतिशास्त्रातील जॅस्मिनम सॅम्बॅक, नव्या फुटव्याच्या शेंड्याशी कळ्या धरतो, आणि त्या बहुधा तिनाच्या झुपक्यात येऊन त्यांतील मधली आधी उमलते. जुन्या, लाकूड झालेल्या फांदीवर थेट फूल येत नसल्यामुळे जितके नवे शेंडे, तितकी फुले, हा या झाडाचा साधा हिशेब आहे. डाळिंबाचा किंवा संत्र्याचा बागायतदार बहर धरण्यापूर्वी बागेचे पाणी काही आठवडे तोडतो, त्याला ताण देणे म्हणतात. ताणामुळे वाढ थांबते, फांद्यांत अन्नसाठा होतो आणि पाणी पुन्हा सुरू होताच झाड एकाच वेळी सर्वांगाने फुटते. कुंडीतल्या मोगऱ्यालाही हीच रीत लागू पडते, परंतु शेतावर सर्वमान्य असलेला हा उपाय घराच्या गॅलरीत निर्दयपणा ठरतो.

महाराष्ट्राच्या हवेत डिसेंबरच्या उत्तरार्धापासून पाणी कमी करत न्यावे, कुंडीतली माती वरून कोरडी पडून पाने किंचित मलूल होईपर्यंत थांबावे, आणि जानेवारीच्या अखेरीस झाड निम्म्या उंचीपर्यंत छाटावे. व्यापारी लागवड असलेल्या तमिळनाडूत हीच छाटणी नोव्हेंबरच्या अखेरीस करतात, कारण तेथे हंगाम लवकर आणण्यात बाजारभावाचा फायदा असतो. घरी तशी घाई करण्याचे कारण नाही. छाटताना वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि बुंध्यातून उभ्या सुटलेल्या बारीक फांद्या मुळापासून काढाव्यात, उरलेली जुनी पाने हातानेच ओरबाडावीत आणि वरची दोन-तीन बोटे माती उकरून तेथे कुजलेले शेणखत व मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. त्यानंतरच भरपूर पाणी द्यावे. साधारणतः ६ ते ८ आठवड्यांत नव्या फुटव्यांवर कळ्या दिसू लागतात. मधल्या काळात झाड काटक्यांच्या जुडीसारखे दिसते आणि घरातील वडीलधाऱ्यांची बोलणी खावी लागतात, हा या कलेचाच एक भाग समजावा.

खताविषयी एवढेच म्हणता येईल की नत्राचा, म्हणजे पाने व फांद्या वाढवणाऱ्या अन्नघटकाचा, अतिरेक झाला तर मोगरा पानांतच रमतो. युरियाची चिमूट टाकताच झाडावर चढणारी तकाकी पाहून मालक खूश होतो आणि फुलांचा हंगाम हातचा जातो.

उन्हाचा प्रश्न मात्र अधिक खोल आहे आणि त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. मोगऱ्याला दिवसाकाठी किमान ५ ते ६ तास थेट ऊन हवे, हे सर्वांना ठाऊक असते. पण सदनिकेत राहणारा माणूस हे ऊन बहुधा हिवाळ्यात मोजतो, कारण रोपे आणण्याचा उत्साह त्याच काळात असतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे दक्षिणेची गॅलरी दिवसभर उजळलेली दिसते. पुढे सूर्य वर सरकत जातो, आणि १९ अंश अक्षांशावरील मुंबईत मेच्या मध्यास तो माध्यान्ही थेट डोक्यावर येऊन त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत थोडा उत्तरेकडेच राहतो. परिणामी, जानेवारीत उन्हाने न्हालेली हीच गॅलरी वरच्या मजल्याच्या स्लॅबखाली ऐन फुलण्याच्या दिवसांत सावलीत जाते, आणि दोष रोपवाटिकेला दिला जातो. पूर्वेचे किंवा पश्चिमेचे ऊन या बाबतीत अधिक भरवशाचे आहे. पश्चिमेचे ऊन प्रखर खरे, पण सकाळ-संध्याकाळ पाणी मिळाल्यास मोगरा ते आनंदाने सोसतो. कुंडी जड असली, तरी ऋतूनुसार ती हलवण्याची तयारी ठेवल्यास निम्मा प्रश्न औषधाविना सुटतो.

पाने पिवळी पडली की बहुतेकांचा हात आधी पाण्याच्या झारीकडे आणि मग खताच्या पुडीकडे जातो, वास्तविक कोणते पान पिवळे पडले आहे हे आधी पाहायला हवे. नत्र झाडाच्या अंगात फिरते राहते. ते कमी पडले की झाड जुन्या पानांतून ते काढून कोवळ्या शेंड्यांकडे पाठवते, म्हणून खालची जुनी पाने सर्वांगाने पिवळी होतात. लोह मात्र एकदा पानात गेले की सहसा हलत नाही, त्यामुळे त्याची उणीव कोवळ्या पानांवर उमटते: पान फिकट पिवळे, जवळजवळ पांढुरके होते आणि शिरांची जाळी तेवढी हिरवी राहते. देशावरील चुनखडीयुक्त काळ्या मातीत आणि बोअरवेलचे जड पाणी घातलेल्या कुंड्यांत ही दुसरी तऱ्हा फार आढळते. तेथे मातीत लोह नसते असे नाही. माती अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, झाल्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, विरघळवून संध्याकाळी पानांवर केलेली फवारणी अशा वेळी लवकर गुण देते, तरी खरा उपाय कुंडीतली माती बदलून तीत लाल माती व पालापाचोळ्याचे खत वाढवणे हाच होय. कोकणातील जांभ्याच्या तांबड्या मातीत ही तक्रार क्वचितच ऐकू येते. तिसरी तऱ्हा सर्वांत फसवी असते: माती ओली असूनही झाड मान टाकते. कुंडीचे भोक बुजून मुळे गुदमरलेली असतात, आणि तहान समजून घातलेले प्रत्येक भांडे झाडाचा मृत्यू जवळ आणते.

कळ्या येऊनही फुले मिळत नसतील, तर दोन किडींकडे संशयाने पाहावे. कळी पोखरणारी अळी पाकळ्यांना भोके पाडून आतला भाग खाते, कळी जांभळट पडते आणि झुपक्यातील कळ्या कधीकधी बारीक धाग्यांनी एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. दुसरी कीड म्हणजे एक अतिशय लहान माशी. तिच्या अळ्या कळीच्या देठाकडील भागात वाढतात, तो भाग फुगतो आणि कळी न उमलताच गळते. या अळ्या कोषात जाण्यासाठी मातीत उतरत असल्यामुळे नुसती पानांवरची फवारणी अपुरी पडते. रोगट व गळलेल्या कळ्या रोज वेचून नष्ट करणे, त्या खतकुंडीत न टाकणे आणि वरची माती अधूनमधून हलवून उन्हात तापू देणे, ही कंटाळवाणी कामे निंबोळी अर्कापेक्षा अधिक गुणकारी ठरतात. पिठ्या ढेकूण आणि उन्हाळ्यातला लाल कोळी यांना मात्र पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूस मारणेही पुष्कळदा पुरते.

ताण आणि छाटणीचे वर सांगितलेले वेळापत्रक मोगऱ्याचे आहे. ते त्याच्या सर्व भावंडांना जसेच्या तसे लावू नये. कुंद हिवाळ्यात फुलतो, तेव्हा त्याला डिसेंबरात छाटणारा माणूस स्वतःच्या हाताने हंगाम कापतो.

मोगऱ्याला आपल्याकडे बी सहसा धरत नाही, म्हणून नवे रोप फांदीपासूनच करावे लागते. पावसाळ्याच्या आरंभी जमिनीलगतची फांदी वाकवून, पेराखाली किंचित साल काढून ती शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबून ठेवली, की पावसाळा संपेपर्यंत तिला स्वतंत्र मुळे फुटतात. हे दाब कलम नवख्याच्या हातूनही क्वचितच फसते. अशा रोपाच्या पहिल्या हंगामातील कळ्या खुडून टाकाव्यात, म्हणजे त्याची शक्ती मुळांत जाईल, असा सल्ला दिला जातो आणि तो बरोबर आहे. तरीही सगळ्या न खुडता एखादा झुपका राहू द्यावा, कारण रोप ज्या घरी दिले जाते तेथे कात्रीवर आणि ताणावर विश्वास बसण्यासाठी पहिल्याच उन्हाळ्यात एका तरी फुलाची गरज असते.