नांगर, कंदील आणि हळद

साताऱ्याहून सांगलीस मोटारीने लवकर पोहोचता येते. तरीही आम्ही मुद्दाम आगगाडी पत्करली. स्टेशन शहरापासून दूर, माहुलीच्या बाजूस. हाती कंदी पेढ्यांचे ओझे. पण कोणत्याही लहान धंदेवाल्याने एकदा पाहावा असा हा लोहमार्ग आहे.

कऱ्हाडचे स्टेशन ओगलेवाडीस आहे. ओगले बंधूंच्या येथील काचकारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील एके काळी महाराष्ट्रात घरोघरी तेवत असे. प्रभाकर म्हणजे सूर्य. रात्रीच्या दिव्यास याहून समर्पक नाव कोणते? गावोगाव वीज आली, कंदिलाचे दिवस सरले, आणि भट्ट्याही थंडावल्या. वडीलधाऱ्यांच्या तोंडी ते नाव मात्र अद्याप ऐकू येते.

ताकारी मागे पडली की किर्लोस्करवाडी. या स्टेशनाचे मूळ नाव कुंडल रोड. १८८८ साली बेळगावास सायकलींचे दुकान काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर करू लागले. नांगर उत्तम होता. परंतु लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिल्या नांगरांस गिऱ्हाईक मिळण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील हा निवडुंगाचा माळ देऊ केला, आणि १९१० साली कारखाना येथे आला.

अशा आडरानातून दूरदूरच्या शेतकऱ्याशी बोलावयाचे कसे? चित्रकलेचे शिक्षण घेतलेले शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढली. आरंभी तीत कारखान्याची व मालाची वार्ता असे. हळूहळू कथा आल्या, लेख आले, आणि नांगराच्या गिऱ्हाइकांकरिता निघालेल्या पत्रकाचे मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ व १९३४ साली ‘मनोहर’ याच माळावरून निघाली. आम्हांस हे काम नांगराइतकेच मोलाचे वाटते. मनात शंका बाळगून बसलेल्या माणसास भपकेदार चित्र हलवीत नाही. त्याच्याशी बोलावे लागते, तेही महिन्यामागून महिने, विक्रीची घाई न करता.

आज आमच्या परिचयाच्या कितीतरी घरांतील मुले-सुना मसाल्यांचा, पापडांचा धंदा काढू पाहतात. जाहिरातीस पैसे किती ठेवावे, हा त्यांचा पहिला प्रश्न. सांगावयाचे काय, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

भिलवडीस गाडी क्षणभरच थांबते. चितळ्यांचा दुधाचा धंदा १९३९ साली या लहानशा गावी सुरू झाला.

सांगलीस उतरलो तो हळदीच्या पेठेकडे वळलो. पूर्वी ही हळद हरिपूरच्या जमिनीखालील पेवांत साठवीत. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले; तथापि सौद्यात माल पोत्यांनी जातो, आणि परगावी दुसऱ्याच्या पुडीत शिरला की सांगलीचे नाव तेथेच संपते. एका वृद्ध अडत्याने आम्हांस हळकुंड मोडून दाखविले: आवाज कसा यावा, आतील रंग कसा असावा, वरच्या चकाकीस का भुलू नये. अर्धा तास कसा गेला ते कळले नाही. मग शेजारच्या दुकानातून आम्ही हळदीची एक पुडी घेतली. तिच्यावर कमळाचे चित्र होते, वजन होते, किंमत होती, आणि ‘सर्वोत्तम’ हा शब्द तीन ठिकाणी होता.