गृहीतकाचा रकाना

चंद्रपुरात कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवता शिकवता मी तत्त्वज्ञानात पीएच.डी. करायचं ठरवलं. एम.ए. बाहेरून दिलेलं, म्हणजे गाइडांच्या जिवावर. घरी विचारलं, "पगार वाढेल का?" मला तेही सांगता येईना.

आधी 'पेट', म्हणजे प्रवेश परीक्षा. मी शंकराचार्य आणि कांट घोकून गेलो. निम्मा पेपर संशोधनपद्धतीचा निघाला: चल, नमुना, मध्यांक. तरी पास झालो. ज्ञानमीमांसा म्हणजे 'आपल्याला कळलंय हे कशावरून', असं मी समजतो. त्या कसोटीवर माझे बरेच गुण टिकले नसते.

मग गाइडची, म्हणजे मार्गदर्शकाची, शोधाशोध. 2011 पर्यंत चंद्रपूर आणि गडचिरोली या आमच्या दोन्ही जिल्ह्यांचं विद्यापीठ म्हणजे नागपूर. आता गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. पण विद्यापीठ जवळ आलं म्हणून आपल्या विषयाचा गाइड जवळ येत नाही. त्यात नियम असा, की सहायक प्राध्यापकाकडे एका वेळी चार, सहयोगीकडे सहा आणि प्राध्यापकाकडे आठच विद्यार्थी. "जागा नाही" हे किती प्रेमळपणे सांगता येतं, ते फोनवर कळलं.

अखेर एका मॅडमकडे जागा मिळाली. "विषय?" "लोकशाहीचं तत्त्वज्ञान." "हे शीर्षक झालं. प्रश्न काय?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

प्रश्न सापडला तो गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांतलं हे एक. इथली ग्रामसभा बहुमतानं ठरवत नाही, सर्वसहमतीनं ठरवते. एक माणूस अडला तरी निर्णय थांबतो. ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट असतो. तिथे चर्चा करायची, निर्णय नाही. निर्णय फक्त ग्रामसभेत. मी वही काढून एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, "पण मग वेळ किती जातो!" ते म्हणाले, "गुरुजी, तुमाले घाई कायची हाय?"

मी धावत मॅडमकडे. "रूसो सापडला! त्याची ती सामूहिक इच्छा, म्हणजे सगळ्यांचं मिळून एक मन, तीच मेंढ्यात आहे." मॅडम शांतपणे म्हणाल्या, "रूसो वाचलाय की ऐकलाय?" ऐकला होता. मग त्याचं 1762 चं 'सामाजिक करार' घेऊन बसलो. एकमत हवं ते फक्त मूळ कराराला, असं तो म्हणतो. पुढे बहुमत चालतं. आणि लोकांनी ठरवण्याआधी आपसात बोलू नये, नाहीतर गट पडतात, असंही. मेंढ्यात नेमकं उलटं! तिथे आधी पोटभर बोलतात. माझा लाडका सिद्धान्त एका बैठकीत गेला. पण प्रश्न हाती आला. ज्याचं म्हणणं पडलं, त्यानं बहुमताचं का ऐकावं? आणि सहमतीत जो गप्प बसला, तो पटलेला की दमलेला? हा दुसरा प्रश्न गावात विचारायची मला अजून हिंमत झालेली नाही.

कोर्सवर्क, निदान बारा क्रेडिट, कसंबसं निघालं. त्यावर फार बोलण्यासारखं काही नाही.

खरी गंमत संशोधन आराखड्याची. छापील फॉर्ममध्ये रकाने होते: गृहीतक, नमुना आकार, सांख्यिकी तंत्र. 'माणूस दुसऱ्याचा निर्णय आपला का मानतो' याचा नमुना आकार काय लिहू? मी 'एक गाव' लिहिलं. मॅडमनी खोडलं. "तुम्ही गाव मोजत नाही आहात. गावामुळे पडलेला प्रश्न तपासताय." गृहीतकाच्या रकान्यात आम्ही शेवटी दोन ओळींचा युक्तिवाद लिहिला. आराखडा तपासणाऱ्या समितीत एका सदस्यांनी विचारलं, "हे समाजशास्त्र नाही का?" मी नको तितका वेळ बोललो. आराखडा मंजूर झाला, बहुधा जेवणाची वेळ झाली म्हणून.

2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन वर्षं, कमाल सहा. माझं पहिलं प्रकरण अजून मॅडमच्या लाल पेनाखाली आहे. तुमच्यापैकी कोणी या वाटेला येणार असेल, तर फी भरण्याआधी दोन गोष्टी करा: गाइडकडे जागा आहे का ते विचारा, आणि आपला प्रश्न प्रश्नचिन्हासकट एका ओळीत लिहून पाहा.