आवाजाची झेरॉक्स

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायचं ठरलं की माईक पटकन घेतला जातो, हेडफोन्सही येतात. गाडी अडते ती साउंड कार्डपाशी. दुकानदार धडाधड आकडे फेकतो. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ, अमुक कन्व्हर्टर, तमुक चिप! आपण नुसती मान डोलावतो. 'म्हणजे नक्की काय हो?' असं विचारायची लाज वाटते ना!

मी मात्र विचारायचंच ठरवलं होतं. कारण माझ्यासाठी मामला एकदम सीरियस होता. आई बँकेतून रिटायर झाली. नोकरी, लोकल आणि आम्ही दोघी बहिणी यात तिचं गाणं मागे पडलं होतं, ते आता पुन्हा सुरू झालंय. रोज संध्याकाळी यमन असतो. 'वरचा सा दरवर्षी जरा लांब जातो गं,' असं ती हसत सांगते. तो लागतोय तोवर मला टिपून ठेवायचा होता. शिवाय फ्रीलान्सरच्या खिशाला दोनदा खरेदी परवडत नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

तर फंडा असा. माईकमधून येतो विजेचा सिग्नल. त्याचे आकडे करतो तो कन्व्हर्टर. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप होतं आणि त्यात २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पकडला जातो. आपला कान फार तर २० पर्यंत ऐकतो, आणि वय वाढेल तसा त्याहून कमीच. म्हणजे नुसत्या १९२ वर भाळण्यात अर्थ नाही. बिट्सचंही तसंच. १६ बिटमध्ये साधारण ९६ डेसिबलची रेंज मिळते, २४ बिटमध्ये कागदावर १४४. प्रत्यक्षात चांगली कार्डं १२० च्या आसपास थांबतात, कारण सर्किटची स्वतःची खरखर असतेच. म्हणून स्पेसिफिकेशनमध्ये 'डायनॅमिक रेंज' बघा. आणि तो आकडा लाइन इनपुटचा आहे की माईक इनपुटचा, हेही बघा. माईकच्या प्रीअ‍ॅम्पची खरखर वेगळी मोजावी लागते.

आणि चिपचं नाव? ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथे एकेएमच्या कारखान्याला आग लागली. ऑडिओवाल्यांची ही लाडकी चिप मिळेनाशी झाली आणि बऱ्याच कंपन्यांना दुसऱ्या चिप टाकून डिझाइन बदलावं लागलं. तरी रेकॉर्डिंग काही थांबलं नाही. बासमती आणला म्हणजे भात चांगला झालाच असं नसतं, तसंच आहे हे. पॉवर सप्लाय, क्लॉक, आजूबाजूचं अ‍ॅनालॉग सर्किट, सगळ्यांचा त्यात हात असतो.

मग ओळखायचं कसं? मैत्रिणीकडून तिचं महागडं कार्ड एका रविवारपुरतं आणलं. दुसऱ्या मित्राकडून साधं, माझ्या बजेटमधलं. कार्डाचं आउटपुट वायरने त्याच्याच इनपुटला जोडलं. तानपुऱ्याची एक चांगली फाइल बाहेर सोडली आणि आत परत रेकॉर्ड केली. ते रेकॉर्डिंग पुन्हा बाहेर, पुन्हा आत. असं दहा वेळा. झेरॉक्सची झेरॉक्स काढत जावी ना, तसं! पहिल्या कॉपीत न दिसणारा डाग दहाव्या कॉपीत ठळक होतो.

दोन पथ्यं मात्र पाळायची. लेव्हल अगदी दशांश डेसिबलपर्यंत जुळवा, कारण जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच 'भारी' वाटतो. आणि कुठली फाइल कुठल्या कार्डाची, हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नका. आमच्याकडे नावं बदलायचं काम ताईने केलं आणि परीक्षक होती आई.

पहिल्या फेरीच्या फाइल्समध्ये तिला काडीचाही फरक सांगता आला नाही. दहाव्या फेरीची साध्या कार्डाची फाइल लागली, तशी ती लगेच म्हणाली, 'याची जवारी बोथट झालीये.' महागड्या कार्डावर ती तेवढी बिघडली नव्हती. म्हणजे फरक आहे, हे खरंच. पण आईचं गाणं दहा वेळा थोडंच फिरणार होतं? ते एकदाच आत जाणार.

त्याच दिवशी दोन्ही कार्डांवर आईचा आलाप घेऊन बघितला. त्यावर तिचा एकच प्रश्न आला, 'हा पंखा कुणी चालू ठेवला?' रात्री शांत वाटणाऱ्या खोलीतही तीसेक डेसिबलचा गोंगाट असतोच. वर पंखा, फ्रीज, खालच्या रिक्षा. त्यापुढे कन्व्हर्टरची खरखर म्हणजे किस झाड की पत्ती!

साधं कार्ड घेतलं. उरलेल्या पैशांत बरा माईक आला, आणि भिंतींवर घरातल्या सगळ्या रजया टांगल्या. तुम्हीही दुकानात 'आवडलं नाही तर परत घ्याल का?' हे आधी विचारा, मग घरी आणून झेरॉक्स काढा.

आईचा यमन आता दोन हार्ड डिस्कवर सेफ आहे. वरचा सा लागलाय. जरासा थरथरतो. पण तो काही कन्व्हर्टरचा दोष नाही.