प्रस्थान आणि मावंदे

समुद्रपर्यटनास निघणाऱ्या मनुष्याचे सारे लक्ष बोटीकडे लागलेले असते. खोली कोणत्या मजल्यावर मिळणार, तिला सज्जा आहे की नाही, शाकाहारी भोजनाची व्यवस्था कशी, याविषयी घरात महिनेच्या महिने खल होतो. परंतु त्या बोटीपर्यंत पोहोचावयाचे कसे आणि तिने उतरविल्यावर परतावयाचे कसे, हा विचार बहुधा तिकिटे काढून झाल्यावर सुचतो. आमच्याही घरी असेच घडले. २०२४ च्या सप्टेंबरात आम्ही रोमहून बार्सिलोनापर्यंत सात रात्रींची भूमध्य समुद्राची सफर केली. बोटीवरील दिवसांचे वर्णन करण्याचा आमचा विचार नाही. तशी वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्या सफरीच्या दोन टोकांविषयी. कारण सफर मध्ये क्वचितच बिघडते, बिघडते ती टोकांशी.

आम्ही मंडळी पाच : मातोश्री, वडील बंधू दादा, वहिनी आणि आम्ही उभयता. दादांचा बेत साधा होता. शनिवारी सकाळी सातला रोमच्या विमानतळावर उतरावे, दुपारी बोटीवर चढावे; बोट सायंकाळी पाचला सुटणार, म्हणजे मध्ये दहा तास मोकळे. परदेशात पाच माणसांचा एका रात्रीचा उतारा म्हणजे काही थोडाथोडका खर्च नव्हे. शिवाय पैसा आईच्या ठेवीतला. तीर्थरूपांच्या पश्चात त्या ठेवीतील रुपया न् रुपया दादांनी जपलेला. तेव्हा त्यांची काटकसर कृपणाची नव्हती, विश्वस्ताची होती. आणि म्हणूनच तिच्यापुढे बोलण्याची आम्हां कोणाची छाती होत नव्हती.

निकाल आईनेच लावला. ती म्हणाली, “अरे, तुझे आजोबा काशीस निघाले तेव्हा मुहूर्त सोमवारचा आणि गाडी बुधवारची. त्यांनी सुपारी-तांदूळ पंचाच्या टोकास बांधून मारुतीच्या देवळात प्रस्थान ठेवले. मुहूर्त चुकला नाही आणि गाडीही चुकली नाही. आपणही एक दिवस आधी जाऊन प्रस्थान ठेवू. पैसे माझे आहेत ना?” यावर दादांस उत्तर सुचले नाही. शुक्रवारी सकाळी रोमला पोहोचावयाचे ठरले.

आमच्या आजोबांच्या पिढीस ही विवंचना इतकी नव्हती. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर विलायतेची डाकबोट लागे, आणि बंदरातच आगगाडीचे स्थानक असे. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल तेथूनच उतारूंस घेऊन दिल्ली, लाहोर, पेशावरकडे निघे. बोट आणि गाडी यांची सांगड घालणे हे आगबोट कंपनीचे आणि रेल्वेचे काम होते. आज ती सांगड प्रवाशास स्वतः घालावी लागते. विमान एकाचे, हॉटेल दुसऱ्याचे, गाडी तिसऱ्याची आणि बोट चौथ्याची. एकाच्या उशिराबद्दल दुसऱ्यास सोयरसुतक नसते. बोटीच्या कंपनीकडूनच विमानाची तिकिटे व मोटारीची सोय घेतल्यास ती काही जबाबदारी पत्करते. मात्र दर अधिक पडतो, आणि अटी बारकाईने वाचाव्या लागतात.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवावयाची ती ही की, जाहिरातीतील गाव आणि बोटीचे बंदर ही पुष्कळदा एक नसतात. ‘लंडनहून’ निघणारी बोट बहुधा साउदॅम्प्टनहून, म्हणजे सव्वाशे किलोमीटरांवरून निघते. ‘पॅरिस’चे बंदर ल हाव्र, ते दोनशे किलोमीटर दूर. व्हेनिसची कथा तर अगदी अलीकडची. १ ऑगस्ट २०२१ पासून पंचवीस हजार टनांहून मोठ्या बोटींस त्या शहराच्या मुख्य कालव्यातून जाण्यास बंदी झाली, आणि ‘व्हेनिसच्या’ कित्येक बोटी आता राव्हेना किंवा त्रिएस्त येथून सुटतात. आमच्या ‘रोम’चे खरे नाव चिव्हितावेक्किया. रोमपासून वायव्येस सुमारे सत्तर-ऐंशी किलोमीटरांवरील हे बंदर दुसऱ्या शतकाच्या आरंभी सम्राट ट्राजन याने बांधविले. त्याचे बांधकाम चालू असता धाकट्या प्लिनीने एका पत्रात त्याचे वर्णन केले आहे. म्हणजे रोमचे बंदर रोमपासून दूर असणे ही काही आजची गोष्ट नव्हे.

दुसरी गोष्ट व्हिसाची. एकेकाळी समुद्रोल्लंघन करून आलेल्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे. आता ते निघण्यापूर्वीच, व्हिसाच्या कचेरीत घ्यावे लागते. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी ज्या देशात अधिक दिवस राहावयाचे त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. दिवस सारखे भरल्यास जेथे प्रथम प्रवेश होणार त्या देशाकडे. निदान तीस हजार युरोंचा आरोग्यविमा लागतो, आणि बोटीच्या तिकिटाबरोबर मागच्या-पुढच्या प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा कागद जोडावा लागतो. बोट मध्येच ट्युनिससारख्या शेंगेनबाहेरील बंदरास लागणार असेल तर एकाहून अधिक वेळा प्रवेशाचा व्हिसा मागावा. व्हिसा हाती येईपर्यंत हॉटेले अशीच घ्यावी की, मुदतीत रद्द केल्यास पैसे परत मिळतील. आमच्या दादांनी या मुदतींच्या तारखा भिंतीवरील कालनिर्णयावर लाल शाईने लिहून ठेविल्या होत्या, आणि त्यांचा एकदा उपयोगही झाला.

रोममध्ये उतरावयाचे कोठे? पुष्कळ लोक तेर्मिनी या मुख्य स्थानकाजवळ उतरतात. विमानतळावरून तेथे थेट गाडी ३२ मिनिटांत येते हे खरे. परंतु बंदराकडे जाणारी गाडी जेथून सुटते ते फलाट मुख्य दालनापासून बरेच दूर आहेत, आणि सामानासह ती चाल वृद्धांस जड जाते. तीच गाडी पुढे सान पिएत्रो नावाच्या लहान स्थानकावर थांबते. तेथून सेंट पीटरचा घुमट दिसतो, आणि त्याचा चौक पायी पंधरा मिनिटांवर आहे. आम्ही त्या स्थानकाजवळ स्वयंपाकघर असलेली जागा घेतली, आणि घेण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारले : लिफ्ट आहे काय, आणि तिच्यात बॅगेसह माणूस मावतो काय? रोममधील जुन्या घरांत हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

प्रस्थान ठेवले ते किती बरे केले, हे वाटेतच कळले. मधल्या विमानतळावर पहिले विमान उशिरा पोहोचल्यामुळे पुढचे चुकले. चौदा तास आम्ही तेथील खुर्च्यांवर काढले. आई शालीची उशी करून निजली. दादा येरझारा घालीत होते व दर घटकेस घड्याळ पाहत होते. शुक्रवारी सकाळी पोहोचावयाचे ते आम्ही रात्री अकराच्या पुढे रोमला उतरलो. उशिरा येत असल्याचे घरमालकास आधीच कळविले होते, म्हणून दार उघडे मिळाले. जुन्या तटाच्या आतील भागासाठी विमानतळावरून टॅक्सीचे भाडे ठरीव असते. आमची जागा त्याबाहेर पडत होती, म्हणून बसण्यापूर्वीच भाडे विचारून घेतले. पाच माणसे व सात डाग एका मोटारीत मावत नाहीत, हेही तेव्हाच कळले. मध्यरात्रीनंतर वहिनींनी खिचडी टाकली. त्या खिचडीची चव पुढे बोटीवरील कोणत्याही पक्वान्नास आली नाही. दादा त्या रात्री एकच वाक्य बोलले : “आज शनिवार असता तर?”

शनिवारी सकाळी आईने सेंट पीटरच्या चौकातील २८४ स्तंभांची अर्धवर्तुळे सावकाश पाहिली, आणि अकराच्या गाडीने आम्ही निघालो. इटलीत प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट बसण्यापूर्वी यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. तसे न केल्यास दंड होतो. संपही तेथे वारंवार होतात, परंतु ते आगाऊ जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ व सायंकाळी सहा ते नऊ या वेळांत ठरीव गाड्या धावतातच. तासाभरात चिव्हितावेक्किया आले. स्थानकावरून बसने लार्गो देल्ला पाचे या ठिकाणी जावे, आणि तेथून बंदराची बस बोटीपाशी नेते. एक वाजता आम्ही बोटीवर होतो. आई सज्जात बसून बंदरातील जुना किल्ला पाहत होती, आणि घाई कसलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट नेपल्सला लागली, तेव्हा नागपूरकडील एक वयस्क दांपत्य धक्क्यावरून बोटीवर चढताना दिसले. मराठी बोलणे कानी पडताच त्या बाई आईपाशी येऊन बसल्या. ती उभयता शनिवारी सकाळी वेळेवरच रोमला पोहोचली होती. दिवसापुरती एक खोली घेऊन त्यांनी कोलोसियम पाहिले, आणि बोट पाचची म्हणून तीनच्या सुमारास निघाली. बोटीचे दार सुटण्यापूर्वी तास-दीड तास आधी बंद होते, हे तिकिटावर बारीक अक्षरांत छापलेले त्यांनी वाचले नव्हते. पावणेपाचला ती धक्क्यावर पोहोचली. “बोट समोर उभी होती हो,” त्या बाई सांगत होत्या, “सज्जांत उभे असलेले लोक दिसत होते. कोणी हातसुद्धा हलवीत होते.” मग रात्री आगगाडीने रोमला परत, तेथून नेपल्स, आणि तेथे मिळेल त्या भावाने हॉटेल. हा सर्व खर्च त्यांचा त्यांनाच सोसावा लागला. पुढचे बंदर त्याच देशात, रोमपासून गाडीने सव्वा तासावर होते, म्हणून इतक्यावर निभावले. दादा सर्व ऐकत होते. त्यांनी त्या गृहस्थांस चहा आणून दिला, आणि आम्ही एक दिवस आधी आलो होतो हे मात्र त्यांस सांगितले नाही. आम्हांस त्यांचे ते न सांगणे आवडले.

आता दुसरे टोक. शेवटच्या रात्री मोठे सामान मध्यरात्रीपूर्वी खोलीबाहेर ठेवावयाचे असते. ते सकाळी धक्क्यावर मिळते. औषधे, पारपत्रे आणि अंगावर घालावयाचे कपडे हातपिशवीत ठेवावे, हे सांगण्याची गरज नाही असे वाटेल. परंतु वहिनींनी एक पँट वेगळी काढून ठेविली आहे हे कळेपर्यंत दादा खोलीबाहेर पडू शकले नाहीत, एवढे सांगून हा विषय सोडतो.

बोट पहाटे बार्सिलोनास लागते आणि नऊपर्यंत सर्वांस उतरविते. त्याच दिवशी घरी निघावयाचे असल्यास विमान दुपारनंतरचेच घ्यावे; विमानतळ आणि मोठ्या बोटींचा धक्का यांमध्ये टॅक्सीचा दर ठरीव आहे. आम्ही मात्र दोन रात्री राहिलो. हॉटेलची खोली दुपारी मिळते, पण सामान सकाळीच ठेवून घेतात. येथेही एक फसगत होता होता टळली. आम्ही ‘पहिल्या मजल्यावरील’ जागा पाहिली होती. परंतु एशाम्पल या भागातील जुन्या घरांत तळमजल्यावर आंत्रसोल, त्यावर प्रिन्सिपाल, आणि मग कोठे पहिला मजला! लिफ्ट नव्हती. वेळीच विचारले म्हणून ती जागा मुदतीत रद्द करून दुसरी घेतली.

बंदराच्या तोंडाशी १८८८ च्या प्रदर्शनाच्या वेळी उभारलेला कोलंबसाचा साठ मीटर उंच स्तंभ आहे. ज्यास हिंदुस्थान गाठावयाचे होते आणि जो भलत्याच किनाऱ्यास लागला, त्या प्रवाशाचे स्मारक बोटीवरून उतरणाऱ्यास प्रथम दिसावे, हे आम्हांस योग्यच वाटले. दुसऱ्या दिवशी सग्रादा फामिलिया पाहिले. १८८२ साली पायाभरणी झालेल्या त्या मंदिराचे काम तेव्हाही चालूच होते. वेळेचे तिकीट मात्र घरूनच काढावे लागते. काही तासांपुरते येणाऱ्या बोटींतील गर्दीचा त्या शहरास वीट आला आहे. २०२५ च्या जुलैत नगरपालिका आणि बंदर यांनी क्रूझच्या टर्मिनलांची संख्या २०३० पर्यंत सातावरून पाचावर आणण्याचे ठरविले. ज्या गावी रात्र काढली त्या गावचे आपण पाहुणे होतो. नुसते चालून गेलो तर गर्दी होतो. त्या दोन रात्रींत हे आम्हांस थोडेसे कळले.

काशीहून परतल्यावर गंगापूजन करून मावंदे घालीत, ते यात्रेचा शीण उतरून मन ठिकाणावर यावे म्हणूनही असावे. बार्सिलोनाच्या शेवटच्या सायंकाळी आईने विकत आणलेल्या तांदळांचा भात आणि घरून नेलेले मेतकूट वाढले, आणि म्हणाली, “हे आपले मावंदे.” घरी आल्यावर दादांनी हिशेबाची वही पुरी केली. तीत रोमची एक आणि बार्सिलोनाच्या दोन रात्रींचा खर्च आम्ही शोधू लागलो, तो ‘हॉटेल’ या सदरात सापडेना. एक पान उलटले, तेथे दादांच्या वळणदार अक्षरात दोन निराळी सदरे होती : ‘प्रस्थान’ आणि ‘मावंदे’.