गोळ्याची जोडी

परळच्या रेल्वे कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालो आणि चिरनेरला, आपल्या गावी येऊन राहिलो. थोडी शेती आणि महागणपतीचं देऊळ यात दिवस जात होते. तेवढ्यात नोकरीतल्या एका जुन्या साहेबांचा फोन आला. एका संस्थेनं हौसेनं उभं केलेलं छोटं रेल्वे-संग्रहालय बंद होणार होतं. जागा भाड्याची, करार संपलेला, आणि पनवेल-उरण पट्ट्यात जमिनीचे भाव आभाळाला भिडलेले. "वस्तू भंगारात जायला नकोत. चांगली घरं बघा," एवढंच ते म्हणाले.

आवारात गेलो तेव्हा पावसाळा नुकताच सरला होता. नॅरोगेजचा मालडबा, पात्याचा सिग्नल, सिग्नल ओढायच्या लिव्हर, हातक्रेन, दिवे, घंटा, स्टेशनच्या पाट्या, आणि एका खोलीत गोळ्याची दोन यंत्रं. खाडीच्या खाऱ्या हवेनं पत्र्याला पापुद्रे आले होते. भंगारवाला आधीच वजनाचा अंदाज घेऊन गेला होता. त्याचं चुकत नव्हतं. लोखंडाकडे त्याला लोखंड म्हणूनच बघावं लागतं. त्यात आणखी काय आहे, हे सांगण्याची जबाबदारी आमची होती.

पहिलं काम यादीचं. प्रत्येक वस्तूचे फोटो काढले, गंज खरवडून नंबर आणि कारखान्याचं नाव वाचलं, कोणत्या लाइनवरून आली ते कागद लावून ठेवलं. कागद सुटला की वस्तू मुकी होते. मग पत्रं धाडली. मागणी भरपूर आली, पण बहुतेकांना दारात शोभेला काहीतरी हवं होतं. म्हणून मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचं ठरवलं: दर पावसाळ्याआधी याला तेलपाणी कोण करणार, त्याचं नाव सांगा.

गोळ्याच्या यंत्रांचा प्रश्न सर्वांत अवघड होता. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून नील यांच्या पद्धतीची ही यंत्रं आपल्याकडे कितीतरी स्टेशनांवर होती. दोन शेजारच्या स्टेशनांत एकेक यंत्र, मधे तार. या मास्तरनं घंटा द्यायची, पलीकडच्यानं उत्तर द्यायचं, त्यानं संमती दिली तरच इकडे दांडा फिरणार आणि पोलादी गोळा खाली पडणार. तो गोळा चामड्याच्या पिशवीत, वेताच्या कड्याला अडकवून ड्रायव्हरच्या हाती जायचा. एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीपैकी एकाही यंत्रातून दुसरा निघत नाही. हजारो प्रवाशांचा जीव त्या मुठीएवढ्या गोळ्यावर असायचा.

एका हॉटेलवाल्यानं एक यंत्र मागितलं, एका बंगल्याच्या मालकानं दुसरं. पैसे बरे मिळत होते. मी साहेबांना म्हणालो, "साहेब, जोडी फोडली तर दोन पेट्या उरतील, यंत्र उरणार नाही." त्यांनी मान्य केलं. शेवटी एका माध्यमिक शाळेचे विज्ञानाचे मास्तर पुढे आले. त्यांनी दोन्ही मागितली आणि देखभाल कोण करणार तेही सांगितलं: ते स्वतः, आणि त्यांच्या गावात राहणारे सिग्नल खात्यातले एक निवृत्त मेंटेनर.

शाळेनं एक यंत्र प्रयोगशाळेत ठेवलं, दुसरं व्हरांड्याच्या पार त्या टोकाच्या खोलीत. मेंटेनरकाकांनी कॉइल तपासली, संपर्काच्या पट्ट्या घासल्या, बॅटरी जोडली, तार ओढली. सातवीतली एक मुलगी इकडे उभी राहिली, तिचा वर्गमित्र तिकडे. तिनं घंटा दिली, तिकडून घंटा आली. दांडा फिरला आणि गोळा ठप्पकन तिच्या ओंजळीत पडला. तिनं लगेच दुसरा काढायचा प्रयत्न केला, दांडा हलेना. "काका, अडकलंय!" ती म्हणाली. मेंटेनरकाका म्हणाले, "अडकलं नाही बाळा, तुझी गाडी अजून वाटेत आहे." काचेच्या कपाटाखालच्या पाटीवर मी हे कितीही सविस्तर लिहिलं असतं, तरी तिला इतकं कळलं नसतं.

मालडब्याची गोष्ट निराळी. तो बार्शी लाइट रेल्वेचा, अडीच फुटी मापाचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं 1897मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी ही लाइन सुरू केली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि 1927मध्ये मिरजेपर्यंत गेली. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, असा त्यांनी हिशेब बांधला, म्हणून हलक्या रुळांवरूनही बोगीचे मोठे डबे धावू शकले. माथेरानजवळच्या एका रिसॉर्टला हा डबा रुळावर उभा करायचा होता. पण माथेरानची लाइन दोन फुटी. तिथं उभा केला तर बघणाऱ्याला चुकीचा इतिहास शिकवला जाईल. शिवाय खिडक्या कापून त्यात टेबलं टाकायचा त्यांचा बेत होता. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जुन्या डब्यात हॉटेल काढलं, त्याला माझी ना नव्हती; तसे डबे खूप आहेत. दुर्मीळ डब्याला मात्र कटर लावू नये. तो सोलापूर जिल्ह्यातल्या, जुन्या लाइनलगतच्या एका शिक्षणसंस्थेला दिला. त्यांनी आधी खडी टाकून, स्लीपर मांडून रुळाचा तुकडा घातला, वर पत्र्याचं छप्पर केलं, मगच ट्रेलर बोलावला. डबा उतरवताना एक आजोबा पुढे आले आणि त्याच्या बोगीवर हात ठेवून म्हणाले, "आमचा कापूस ह्यातनंच जायचा."

पूर्वीही वाचलेल्या वस्तू अशाच माणसांमुळे वाचल्या. पतियाळाची एकरुळी गाडी शेडमध्ये भंगार होऊन पडली होती. मायकेल सॅटो या इंग्रज रेल्वेप्रेमीनं 1962मध्ये ती शोधून काढली, अमृतसरच्या कारखान्यानं तिला पुन्हा चालतं केलं, आणि आज ती दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. माथेरानचं 740 क्रमांकाचं 1907चं इंजिन इंग्लंडमध्ये लेटन बझार्डच्या दोन फुटी रेल्वेवर पोचलं. आपलं इंजिन परदेशी गेलं याचं मला वाईट वाटतं. तरी तिथल्या स्वयंसेवकांनी त्यात पुन्हा वाफ भरली, हे मी मानतो.

सिग्नल आमच्या गावानं मागितला. ग्रामस्थांच्या बैठकीत मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. एक तरुण उठून म्हणाला, "काका, 25 सप्टेंबरला आपण दरवर्षी जमतो की नाही?" चिरनेरला 1930च्या त्या दिवशी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, हुतात्म्यांना वंदन करायला आजही माणसं येतात. स्मारक टिकलं ते दगडामुळे जितकं, तितकंच त्या येण्यामुळे. सिग्नलचं रंगकाम त्याआधीच्या आठवड्यात होईल, असं तरुण मंडळींनी कबूल केलं आणि जबाबदाऱ्या वाटून घेतल्या. तार तुटली तरी मागच्या वजनानं पातं आपोआप आडवं होतं, म्हणजे गाडी थांबते, हे मी त्यांना करून दाखवलं. आता ते पाहुण्यांना दाखवतात.

सगळंच वाचलं असं नाही. हातक्रेनचा सांगाडा आतून पोखरलेला होता, तो भंगारातच द्यावा लागला. त्याची नंबरपाटी आणि दातेरी चाक एका आयटीआयला गेलं.

ज्या कुणाकडे अशा जुन्या वस्तू असतील, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. जागा जाण्याची नोटीस येईपर्यंत थांबू नका. आजच यादी करा, जोड्या फोडू नका, कागद वस्तूबरोबर ठेवा, आणि देणगीच्या रकमेआधी सांभाळणाऱ्याचं नाव विचारा. तो माणूस भेटला की जागा मिळतेच. नुसती जागा मिळाली तर पाच पावसाळ्यांत तिथंही भंगारच उरतं.