एक हात मोकळा

वय वाढलं की घरातल्या वस्तू कमी कराव्यात, असं सगळेच सांगतात. प्रत्यक्षात आमच्या वयाच्या कुठल्याही घरात जाऊन बघा. माळ्यावर पितळेचं घंगाळ असतं, कपाटात न नेसलेल्या साड्या असतात आणि त्यातलं काही सुटत नाही. भांडीकुंडी आणि साड्या मी फारसा जीव न अडकवता देऊन टाकल्या. सुनेने जे मागितलं ते तिला दिलं, उरलेलं कामवाल्या मावशींना. माझं घोडं अडलं ते कॅमेऱ्याच्या पिशवीपाशी.

ही पिशवी म्हणजे काय ते आधी सांगते. निकॉनचा डी ७२०० कॅमेरा, बॅटरी आणि कार्डासकट ७६५ ग्रॅम. त्याला लावायची २०० ते ५०० मिलिमीटरची लेन्स, २३०० ग्रॅम. म्हणजे गळ्यात अडकवायचंच तीन किलोच्या वर. शिवाय तिपाई, पाण्याची बाटली, पक्ष्यांचं पुस्तक आणि खुद्द पिशवीचं वजन. एकदा रद्दीवाला दारात आला होता, तेव्हा त्याच्याच काट्याला मी सगळं लटकवून बघितलं. साडेसात किलो भरलं. तो म्हणाला, "आजी, हे देताय काय?" मी म्हटलं, नाही रे बाबा, नुसतं बघतेय.

फोटोंची आवड तशी लहानपणापासूनची. मामांकडे आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो. त्यामुळे बारा वेळा विचार करूनच बटण दाबायचं, अशी त्यांची शिस्त. माझ्या वाट्याला वर्षातून एखादा फोटो यायचा. पुढे बी.ए. झालं, नोकरी लागली, लग्न, मुलं, वह्या तपासणं. पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आणि गणिताचे सर रजेवर गेले की गणितही. निवृत्त झाले २००९ साली. त्यानंतर कॅमेरा हातात आला तो मात्र जोरात. मॅन्युअल इंग्रजीत, शब्दकोश शेजारी ठेवून, पेन्सिलीने मराठी अर्थ लिहीत ते पूर्ण वाचून काढलं. मोठी लेन्स २०१६ मध्ये घेतली.

आम्ही नाशिकचे, त्यामुळे पक्षी बघायला जायचं ते नांदूर मधमेश्वरला. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिशांच्या काळात बंधारा बांधला, त्यामागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती माजल्या आणि पक्ष्यांना हक्काचं घर मिळालं. माणसाने बांधलं एका कामासाठी, उपयोग झाला दुसऱ्यालाच. भूगोलाच्या शिक्षिकेला याहून चांगला धडा कुठला? महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ते हेच. हिवाळ्यात गेलात तर चित्रबलाक, चमचे, शेकाटे, जांभळ्या पाणकोंबड्या आणि नशीब असेल तर क्रौंचांचे थवे दिसतात.

तिथे आमची वाटणी ठरलेली होती. कॅमेरा माझा, तिपाई ह्यांच्या खांद्यावर. वहीत यादी लिहायचं कामही ह्यांचंच. गंमत म्हणजे पक्षी आधी ह्यांनाच दिसायचा. मी भिंगातून एका बगळ्याकडे बघत बसलेली असायची आणि हे हळूच म्हणायचे, "डावीकडे, पाणकणसात." तिथे काहीतरी असायचंच.

मग माझा उजवा खांदा आखडला. मधुमेहवाल्यांना हे दुखणं जरा जास्तच धरतं. व्यायाम करून सहा-आठ महिन्यांत हात वर जायला लागला. फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं, हात परत मिळालाय, आता काय उचलायचं ते तुम्ही ठरवा. खांद्याचं मी निभावून नेलं असतं. पण २०२२ मध्ये ह्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. बोलणं स्वच्छ राहिलं, स्मरण राहिलं, डाव्या पायात मात्र ओढ राहिली. सपाट जमिनीवर काठी घेऊन छान चालतात, पण कालव्याच्या कडेची मातीची वाट, मनोऱ्याच्या पायऱ्या, तिथे कोपर धरायला माणूस लागतं.

इथे खरा पेच होता. मोठ्या लेन्सला दोन हात लागतात. एका हाताने कॅमेरा धरायचा आणि दुसऱ्याने लेन्सला खालून आधार द्यायचा. मग ह्यांचं कोपर कोण धरणार? "तू जाऊन ये, मी घरी बसतो," असं हे म्हणाले. मी दोनदा गेलेही, बाकीच्या मंडळींबरोबर. फोटो चांगले आले. पण वही कोरी राहिली आणि डावीकडे बघ म्हणणारं कोणी नव्हतं. तिसऱ्या वेळी मीच गेले नाही.

तेव्हा मी हलक्या सामानाचा शोध सुरू केला. आधी प्रश्न पडला की ही लेन्स मुळात इतकी जड का? उत्तर पाचवी-सहावीच्या गणितात आहे. लेन्सवर जो आकडा लिहिलेला असतो, समजा ५.६, त्याने तिच्या लांबीच्या आकड्याला भागायचं. ५०० भागिले ५.६ म्हणजे साधारण ८९ मिलिमीटर. प्रकाश आत येण्याचं तोंड इतकं रुंद हवं. तीच गोष्ट ३०० मिलिमीटरच्या लेन्सची केली तर साधारण ५४. पहिलं दुसऱ्याच्या सुमारे १.६५ पट. पण वजन व्यासाच्या पटीत वाढत नाही. सगळंच त्या प्रमाणात लांब, रुंद आणि जाड झालं तर ते घनाच्या पटीत वाढतं. १.६५ चा घन साडेचारच्या आसपास. आणि पॅनासॉनिकची १०० ते ३०० ची लेन्स बघितली तर तिचं वजन ५२० ग्रॅम. २३०० ला ५२० ने भागून बघा, जवळजवळ तेवढंच येतं! कागदावर हे जुळलं तेव्हा मला वर्गात गणित सुटल्यासारखा आनंद झाला.

पण मग ३०० मध्ये ५०० चं काम कसं होणार? त्याचं उत्तर कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरमध्ये आहे. पॅनासॉनिक आणि ऑलिम्पस यांनी २००८ साली मिळून एक लहान सेन्सरची पद्धत काढली, मायक्रो फोर थर्ड्स. हा सेन्सर १७.३ बाय १३ मिलिमीटरचा. पूर्ण आकाराचा असतो ३६ बाय २४. लहान चौकटीतून बघितलं की मधलाच भाग दिसतो, त्यामुळे ३०० ची लेन्स पूर्ण आकाराच्या कॅमेऱ्यावरच्या ६०० सारखी वागते. माझ्या निकॉनचा सेन्सर मधल्या आकाराचा, तिथे ५०० चे ७५० व्हायचे. म्हणजे पल्ला कमी होतो, पण एक पंचमांशानेच. वजन मात्र तिसऱ्या हिश्श्यावर येतं.

दुसरेही रस्ते होते. लेन्स न बदलणारे, प्रचंड झूमचे कॅमेरे मिळतात. त्यांचा सेन्सर बहुधा नखाएवढा, त्यामुळे पहाटेच्या उजेडात पिसं पुसट होतात. मोबाइल तर हातात आहेच, पण दूरच्या पाणकोंबडीचा त्यात ठिपका होतो. हलकी आणि लांब पल्ल्याची, खास भिंगाची लेन्सही असते, पण तिची किंमत पेन्शनीच्या हिशोबात बसत नव्हती. शेवटी पॅनासॉनिकचा जी ७ हा कॅमेरा आणि ती १०० ते ३०० ची लेन्स, दोन्ही जुन्या बाजारातून घेतलं. दोघांचं मिळून ९३० ग्रॅम. एक किलो साखरेच्या पुड्यापेक्षा कमी.

हलक्या कॅमेऱ्याचा इतिहास वाचताना एक माणूस भेटला तो सांगते. जर्मनीत लाइट्स कंपनीत ऑस्कर बारनाक नावाचे तंत्रज्ञ होते. त्यांना फिरायची आणि फोटोंची आवड, पण दम्याचा त्रास. त्या काळचे काचेच्या प्लेटांचे कॅमेरे आणि तिपाई घेऊन चढ चढणं त्यांना झेपेना. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांनी सिनेमाची अरुंद फिल्म वापरून खिशात मावणारा कॅमेरा बनवला. तोच पुढे लायका म्हणून १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत लोकांपुढे आला. ज्याला आपण आज पूर्ण आकार म्हणतो, ती ३६ बाय २४ ची चौकट त्या कॅमेऱ्याने रूढ केली. त्या वेळी तीच लहान वाटत होती! एका दमेकऱ्याची सोय सगळ्या जगाची सोय झाली. मला त्या गृहस्थांबद्दल फार जवळीक वाटली.

आता काय गमावलं तेही सांगायला हवं, नाहीतर ही दुकानदाराची जाहिरात होईल. उडणारा पक्षी हा कॅमेरा नीट पकडत नाही. दलदली भोवत्या पाण्यावरून झेपावला की याचा फोकस मागच्या गवतात जाऊन बसतो. सूर्य मावळल्यावर फोटोत दाणे दिसतात. पार्श्वभूमी पूर्वीसारखी लोण्यासारखी मऊ होत नाही.

आणि आणखी एक गोष्ट गेली, जी कुठल्याही तक्त्यात लिहिलेली नसते. मोठी लेन्स घेऊन मी मनोऱ्यावर चढले की पोरं बाजूला व्हायची. "ही तोफ तुमची, काकू?" असं विचारायची, शटर किती ठेवलं ते विचारायची. शाळा सुटल्यापासून मला कोणी काही विचारत नव्हतं, त्यामुळे ते गोड वाटायचं. आता कापडी पिशवीतून छोटा कॅमेरा काढते. परवा एका मुलाने फार प्रेमाने मला सांगितलं, "आजी, झूम करायचं असेल तर हे गोल फिरवा." मी फिरवलं. थोडं लागलं मनाला, खोटं कशाला बोलू? तीन किलोच्या भिंगाने मला जो मान दिला होता तो माझा होता की भिंगाचा, हा प्रश्न त्या दिवशी घरी येईपर्यंत डोक्यात होता. अजूनही त्याचं उत्तर पूर्ण मिळालेलं नाही.

ज्यांना हा मार्ग धरायचा आहे अशा माझ्या वयाच्या मंडळींसाठी दोन-चार गोष्टी. हलका कॅमेरा हातात जास्त हलतो, कारण जडपणाचा म्हणून एक स्थिरपणा असतो. तेव्हा दोन्ही कोपरं छातीशी धरा, झाडाला किंवा कठड्याला टेका. तिपाईऐवजी मी जुन्या पायजम्याच्या पायाची पिशवी शिवून त्यात अर्धा किलो मटकी भरली आहे. कठड्यावर ठेवली की लेन्स तिच्यात छान रुतून बसते. पट्टा गळ्यात घालू नका, शबनमसारखा तिरपा घाला, मानेवर भार येत नाही. आणि विकत घेण्याआधी दुकानात कॅमेरा हातात धरून दहा मिनिटं उभं राहा. दोन मिनिटांत सगळेच हलके वाटतात. बटणं आपल्या बोटांना सापडतात का, पडद्यावरची अक्षरं चष्म्यातून दिसतात का, हेही तिथेच बघून घ्या.

जुनी लेन्स विकायला काढली तेव्हा एका दुकानाने सांगितलेली किंमत ऐकून मी ती तशीच परत घेऊन आले. शेवटी तालुक्याच्या गावातल्या एका तरुण शिक्षकाने घेतली. तो शाळेच्या मुलांना दर हिवाळ्यात पाणथळीवर नेतो. पैसे तीन हप्त्यांत दिले, तिन्ही वेळेवर. नेताना त्याने ती एका हाताने सहज उचलली. मला ते बघून बरं वाटलं, आणि तो गेल्यावर कपाटातला तो मोकळा कप्पा बघवेना, म्हणून मी तिथे लगेच बेडशीटं रचून टाकली.

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं नांदूर मधमेश्वरला गेलो. कालव्याच्या वाटेवर माझ्या डाव्या हातात ह्यांचं कोपर, कॅमेरा उजव्या कुशीला लटकलेला. मनोऱ्यावर चढायचा हट्ट केला नाही, खालीच बाकावर बसलो. भोवत्याचा एकही फोटो धड आला नाही. चमचे आले, जांभळ्या पाणकोंबड्या आल्या, आणि एका शेकाट्याचा पाण्यात एक पाय वर धरलेला इतका छान आला की तो मोठा करून घ्यायचा विचार आहे. घरी येऊन वही उघडली. झटक्याआधीच्या पानावरचं आणि आताचं अक्षर शेजारी शेजारी आहे. हल्लीचं थोडं तिरकं. यादीत एकतीस नावं होती. त्यातली मला दिसली होती चोवीस. उरलेले सात ह्यांनी एकट्याने बघितले, मी पिशवी आवरत असताना.