दिवेलागणीच्या आत : नळदुर्गची एक सहल

धबधबा पाहावयाचा म्हणजे सह्याद्रीच्या घाटात जावयाचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आंबोली, ठोसेघर, गिरसप्पा ही नावे ऐकताच सोलापूरकर मनुष्य रजा, सामान आणि मुक्काम यांचा हिशेब मांडू लागतो, आणि बहुधा त्या हिशेबातच पावसाळा संपून जातो. आमचे शहर पठारावरचे. पाऊस बेताचा आणि घाट दूर. पण येथून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर, हैदराबादच्या हमरस्त्यालगत, नळदुर्गच्या किल्ल्यात एक धबधबा आहे, आणि तोही जोडीचा! नर आणि मादी ही त्या दोन प्रवाहांना लोकांनी दिलेली नावे. तेथे डोंगर चढण्याचे श्रम नाहीत की मुक्कामाची यातायात नाही. सकाळी निघावे आणि दिवेलागणीच्या आत घरी परतावे. ही शेवटची सोय दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु एकत्र कुटुंबात तिचे मोल फार मोठे असते.

भवानी पेठेतील आमचे घर लहानथोर मिळून चौदा माणसांचे. अशा घरात सहलीचा बेत निघाला की कोणी कोणी जावयाचे याची चर्चा रंगते. मागे कोणी राहावयाचे याची मात्र चर्चा होत नाही, कारण ते ठरलेलेच असते. आमच्या मातोश्रींनी ऐंशी ओलांडली आहे. देवघर आहे, दारी येणारे-जाणारे आहेत. तेव्हा थोरल्या वहिनींनी शिदोरी बांधून द्यावयाची आणि दारात उभे राहून निरोप द्यावयाचा, असा वर्षानुवर्षांचा परिपाठ.

यंदा गणपती पोचविल्यावर पाऊस चांगला झाला. आमच्या भागात सप्टेंबर हाच भर पावसाचा महिना. आषाढात घाई करून नळदुर्गास गेले तर बहुधा कोरड्या भिंतीच पाहून यावे लागते. नदीवर वरच्या अंगास हल्लीच्या काळातील धरण आहे. ते भरून वाहू लागले म्हणजे खाली नर-मादी सुरू होतात. तशी बातमी येताच मी म्हणालो, “वहिनी, या खेपेस घराला कुलूप लावू.”

“भावजी, तुम्ही सगळे जाऊन या. आईंना कोण पाहील? आणि संध्याकाळी देवापाशी दिवा?”

“आईही येतील. आणि दिवा परत येऊन तुम्हीच लावा.”

वहिनी काही बोलल्या नाहीत. पण पहाटे धपाट्यांचा खमंग वास सुटला, तेव्हा बेत पक्का झाल्याचे सर्वांस कळले. धपाटे, दही, शेंगांची चटणी आणि कडक भाकरी अशी शिदोरी घेऊन आम्ही दोन गाड्यांतून निघालो. मागांचा खटखटाट मागे पडला आणि बोरामणी, तांदूळवाडी, इटकळ अशी गावे एकेक करून सरली. दोहों बाजूंस तूर व सोयाबीन यांची शेते हिरवीगार दिसत होती. एरवी वैशाखात हाच मुलूख डोळ्यांस किती रुक्ष दिसतो!

नळदुर्ग हा धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात आहे. लोक त्याचे नाव नळराजाशी जोडतात. पण आज दिसणारी भक्कम काळी तटबंदी मुख्यतः विजापूरच्या आदिलशाहीतील. बोरी नदीने या किल्ल्याला वळसा घातला आहे. मुख्य किल्ला आणि समोरचा रणमंडळ नावाचा लहान किल्ला यांच्यामध्ये नदीच्या पात्रात सुमारे नव्वद फूट उंचीचा दगडी बांध घातला आहे. तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीत, १६१३च्या सुमारास, पुरा झाला. हा बांध एकाच वेळी तीन कामे करतो : पाणी साठवितो, दोन्ही किल्ले जोडतो, आणि साठलेल्या पाण्याचाच खंदक करून शत्रूस दूर ठेवतो.

पण खरी नवलाई बांधाच्या पोटात आहे. तेथे जिना उतरून गेले की एक कमानदार महाल लागतो. त्याला पाणीमहाल म्हणतात. नदी भरली म्हणजे पाणी सांडव्यांवरून पुढे झेप घेते आणि महालाच्या खिडक्यांसमोर त्याचा शुभ्र पडदा उभा राहतो; डोक्यावरून नदी जात असता महाल मात्र कोरडा! हा इब्राहिम गायनाचा मोठा षोकी होता. ‘किताब-ए-नौरस’ हा त्याचा गेय पदांचा ग्रंथ प्रसिद्ध असून त्यात सरस्वतीचेही स्तवन आहे. पाण्याचा नाद ऐकत बसण्यासाठी बांधात बैठक करावी, ही कल्पना अशाच राजाच्या काळी सुचावी यात आश्चर्य नाही. १८५३ साली हा मुलूख काही काळ इंग्रजांच्या ताब्यात गेला, तेव्हा मेडोज टेलर हा अधिकारी येथे राहावयास होता. १८७७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात त्याने नळदुर्गविषयी लिहिले आहे.

बांधापर्यंतची वाट लांब असली तरी तीत मोठा चढ नाही. आईंना धीरे धीरे नेऊन सावलीत खुर्चीवर बसविले. मुले जिन्याकडे धावली. वहिनी सवयीने आईंच्या शेजारी बसू लागल्या, तेव्हा आई म्हणाल्या, “अगं, तू खाली जाऊन ये. मला इथून दिसतंय, ऐकूही येतंय. मी काही लहान आहे का?”

वहिनी उतरल्या. खिडकीपाशी त्या बराच वेळ उभ्या होत्या. आवाज इतका मोठा की शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येऊ नये. वर आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “आई, तिथे कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही हो!” सर्वजण हसले. दिवसभर ज्यांच्या नावाने घरात हाका चालू असतात, त्यांच्या तोंडचे ते वाक्य होते. आईंनी मात्र मान हलवून, “मग बरंच झालं,” असे म्हटले.

जेवणानंतर थोरल्या पुतण्याला मी बोरीवरच्या पुलाची हकिकत सांगितली. १९४८पर्यंत नळदुर्ग निजामाच्या राज्यात होते. सोलापुराहून निघालेला मनुष्य तासाभरात परमुलखात शिरत असे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना सोलापूरच्या बाजूने हैदराबाद संस्थानात शिरली. तेव्हा अचानक झडप घालून तिने हा पूल शाबूत हस्तगत केला आणि पुढील वाट मोकळी झाली. ज्या रस्त्याने आपण आज शिदोऱ्या घेऊन येतो, त्याचा हा इतिहास मुलांस ठाऊक असावा.

जाणाऱ्यांस दोन सूचना. पाणी जोरात असता जिने व फरशा निसरड्या होतात, तेव्हा मुलांचे हात सोडू नयेत आणि पात्रात उतरू नये. खरकटे व कागद परत पिशवीत आणावे. चारशे वर्षे टिकलेल्या वास्तूला आपल्या एका दिवसाच्या करमणुकीचा डाग लागू नये. वेळ उरलाच, तर तेथून तुळजापूर बत्तीस किलोमीटरच्या सुमारास आहे. भवानीचे दर्शन घेऊनही सोलापूरला परतता येते.

बांध नदीला अडवितो, पण जादा पाण्याला सांडव्यातून वाट देतो. म्हणून तो चार शतके उभा आहे. घराचेही तसेच असावे. सर्व भार ज्यांच्या आधारावर साठून राहतो, त्यांनाही वर्षातून एकदा मोकळे वाहू द्यावयास हवे. दूरच्या यात्रा जमतील तेव्हा जमोत; परंतु ज्या ठिकाणी घरातील प्रत्येकाला नेता येते आणि मागे कुणालाच ठेवावे लागत नाही, अशी जवळची स्थळे प्रत्येक गावाच्या आसपास असतात. ती शोधावी. पुढच्या भाद्रपदात बोरी पुन्हा भरली, तर कुलपाची किल्ली आपल्याकडे राहील, असे वहिनींनी आताच बजावून ठेवले आहे.